नांगराचे बटण आणि आपला उतावळा अभिमान

१/ नांगर कोरलेले पितळी बटण दिसले की कोणाला त्यात कान्होजी आंग्र्यांचे आरमार दिसते, कोणाला १९४६ चे नाविकांचे बंड. हे दावे तपासायला तज्ज्ञ लागत नाही. एक भिंग आणि थोडा संयम पुरतो.

२/ प्रथम आंग्रे. कान्होजींचे निधन १७२९ मध्ये झाले. खुद्द ब्रिटिश नौदलाच्या अधिकाऱ्यांना अधिकृत गणवेश मिळाला १७४८ मध्ये आणि त्यांच्या बटणावरील नांगरावर मुकुट आला १८१२ मध्ये. मुकुटाचे बटण कान्होजींच्या नावावर खपवणे हा त्यांचा गौरव नव्हे; ज्यांच्याशी ते झुंजले, त्यांचेच चिन्ह आपण त्यांच्या अंगावर चढवतो.

३/ आता मुकुट नीट पाहा. १९०१ ते १९५२ या काळातील मुकुटाच्या कमानी गोलाकार असतात. त्या मधोमध खचलेल्या असतील, तर बटण १९४६ चे नव्हेच. उलट, गोल कमान म्हणजे जुनेपणाचा पुरावाही नव्हे. तिसऱ्या चार्ल्सने २०२२ मध्ये तीच पुन्हा स्वीकारली. मुकुटाऐवजी अशोकस्तंभाचे सिंह असतील, तर बटण प्रजासत्ताक भारताचे. पाठीमागे निर्मात्याच्या इंग्रजी नावात ‘लिमिटेड’ असेल, तर ते १८५५ पूर्वीचे नाही.

४/ १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या ‘तलवार’ या तळावर संप पुकारला तो सामान्य नाविकांनी. त्यांचा नेहमीचा गणवेश डोक्यावरून चढवायचा. त्याला समोर पितळी बटणांची रांग नसे. ती असे अधिकाऱ्यांच्या कोटावर. म्हणजे ‘बंडाचे बटण’ म्हणून आपण ज्याला वंदन करतो, ते बहुधा ज्यांच्या हुकमाविरुद्ध बंड झाले त्यांचेच!

५/ मग समुद्रापासून दूर, नंदुरबारच्या रनाळ्यासारख्या गावी आजोबांच्या पेटीत असे बटण निघाले, तर ते फेकून द्यावे? मुळीच नाही. पण बटण सांगते ते साधारण केव्हा घडले एवढेच. कोणी ल्याले, हे सांगत नाही. कोट विकले जातात, बटणे तुटतात, व्यापारी जहाजांवरही नांगर असतो.

६/ म्हणून ते घासून चकचकीत करू नका. मुलामा जाईल आणि अक्षरेही. पेटी कोणाची, ती गावात कोणी आणली, नोकरीचे कागद आहेत का, हे घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारा आणि लिहून ठेवा. बटण आणखी शंभर वर्षे टिकेल. सांगणारी माणसे टिकणार नाहीत.