हप्ता आठवड्याचा, धान वर्षाचा

मायक्रोफायनान्सचा माणूस आठवड्याला येतो, कुणाकडे पंधरवड्याला. किराणा दुकानदार महिन्याच्या सुरुवातीला वही उघडतो. विजेचं बिल महिन्याला, गॅसची टाकी दीड-दोन महिन्यांनी. धानाचे पैसे मात्र वर्षातून एकदाच, तेही चुकारे वेळेवर निघाले तर. कागदावर देसाईगंज आणि रेल्वेच्या पाटीवर वडसा अशा दोन नावांच्या या गावात, आणि वैनगंगेच्या काठाकाठाने पसरलेल्या खेड्यांत, घरखर्चाचा हिशेब फसतो तो बहुतेक वेळा इथेच. कमाई तोकडी आहे यात वाद नाही. पण असलेल्या कमाईच्या तारखा आणि देण्याच्या तारखा एकमेकींना भेटतच नाहीत, याकडे कुणी फारसं बघत नाही.

म्हणून जून-जुलैत घरोघर एकच प्रश्न उभा राहतो. रोवणी तोंडावर, शाळेची खरेदी झालेली, तेंदूपत्त्याची मजुरी संपत आलेली. हातात तीन हजार आणि देणी सहा हजारांची. आधी हप्ता भरायचा, की आधी तेल-डाळ आणि लाईटचं बिल?

‘आधी हप्ता’ म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही. गटातून घेतलेलं कर्ज एकटीचं नसतं. एकीने हप्ता चुकवला की बाकीच्या जणींनी पदरमोड करून तो भरायचा, नाहीतर मीटिंग सुटत नाही. म्हणजे आपण वाचवलेले हजार रुपये शेजारणीच्या डब्यातून जातात. शिवाय थकबाकीची नोंद लागली की पुढच्या वेळी बँक दारात उभं करत नाही आणि माणूस मागच्या गल्लीतल्या विनापरवाना सावकाराकडे वळतो. तिथला भाव शेकडा पाच रुपये महिना असेल, तर वर्षाचे साठ टक्के झाले. धान उसना घेऊन दिढीने परत करायचा जुना व्यवहार तर याहून महाग: आषाढात एक पोतं घेतलं, दिवाळीनंतर दीड दिलं, म्हणजे पाच महिन्यांत पन्नास टक्के.

‘आधी पोट’ म्हणणाऱ्यांचं म्हणणंही तितकंच जड आहे. हप्त्यासाठी कात्री लागते ती कशाला? भाताला नाही, कारण रेशनचं धान्य माणशी 5 किलो, अंत्योदय कार्डाला 35 किलो, 2023 पासून मोफतच मिळतं. कात्री लागते डाळीला, तेलाला, अंड्याला, दुधाला. आणि त्यातही बाईच्या ताटातल्या. ज्या गडचिरोली जिल्ह्यात सिकलसेल आणि रक्तक्षय हे दवाखान्याच्या रांगेतले रोजचे शब्द आहेत, तिथे वाचलेली डाळ ही बचत मानायची का? रोवणीला न जाता अंगात ताप घेऊन घरी काढलेला आठवडा हप्त्याच्या दंडापेक्षा स्वस्त पडत नाही.

दोन्ही बाजू ऐकल्यावर मला वाटतं, प्रश्नच थोडा चुकीचा विचारला जातोय. ‘कर्ज’ ही एक वस्तू नाही. एका घरात चार प्रकारची कर्जं असतात आणि चारांचा भाव वेगळा असतो. वसुलीचा माणूस ज्याचा जास्त आरडाओरडा करतो त्याला आपण आधी देतो. खरं तर ज्याचा उशीर सर्वांत महाग पडतो त्याला आधी द्यायला हवं.

सर्वांत मुका सावकार म्हणजे सेवा सोसायटीचं किंवा बँकेचं पीककर्ज. ते दारात येत नाही, ओरडत नाही. खरिपाचं पीककर्ज 3 लाखांपर्यंत असेल आणि 31 मार्चच्या आत फेडलं, तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून शेतकऱ्याला व्याज शून्य पडतं. तारीख चुकली की सवलत गेली आणि 7 टक्के तरी डोक्यावर आलेच. लाखभराच्या कर्जावर एका तारखेने पाच-सहा हजारांचा फरक. पाच-सहा हजार म्हणजे कित्येक घरांचा दोन महिन्यांचा किराणा. तरीही मार्चमध्ये हाती आलेले पैसे आधी कपड्याच्या उधारीला, मग मोटारसायकलच्या हप्त्याला, मग लग्नाच्या आहेराला जातात आणि सोसायटीचं ‘बघू एप्रिलमध्ये’ होतं. यामागे ‘माफी होईल’ ही आशाही असते. ती निराधार नाही. 2017 मध्ये माफी झाली, 2019 मध्ये झाली. पण 2019 च्या योजनेतच नियमित फेडणाऱ्यांना 50 हजारांपर्यंतचा प्रोत्साहन लाभ होता, हे विसरलं जातं. माफीच्या भरवशावर थांबणं हा जुगार आहे. त्यात जिंकलेले लोक आपल्याला दिसतात. हरलेले गप्प बसतात.

त्यानंतर नंबर लागतो विनापरवाना सावकाराचा, म्हणजे महाग पैशाचा. तो आधी मिटवावा, गरज पडली तर बचत गटाच्या अंतर्गत कर्जातून. महाराष्ट्रात 2014 चा सावकारी नियमन कायदा आहे, परवानाधारक सावकाराच्या व्याजाला मर्यादा आहे, आणि बिनपरवान्याचा धंदा गुन्हा आहे. हे त्याला सांगायची वेळ येऊ नये, पण आपल्याला माहीत असावं.

मायक्रोफायनान्सबद्दल मात्र दोष एकट्या कर्जदाराचा नाही. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये नियम घातला की वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नसावेत. नियम चांगला आहे. पण धानपट्ट्यात ‘महिन्याचं उत्पन्न’ ही चीज असते कुठे? वर्षाच्या कमाईला बाराने भागलं की एक आकडा निघतो, तो फॉर्मवर लिहिला जातो आणि हप्ता बसतो. घरात मात्र डिसेंबर ते मार्च पैसा असतो, मे महिन्यात थोडा तेंदूपत्त्याचा, आणि श्रावणात खडखडाट. सरासरीत बसणारा हप्ता श्रावणात बसत नाही. मग तो भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज. एकाच अंगणात सोमवारी एका कंपनीची मीटिंग आणि गुरुवारी दुसरीची, ही गोष्ट आता कुणाला नवलाची वाटत नाही. इथे हप्ते हंगामी हवेत: धान विकल्यावर मोठे, पावसाळ्यात नाममात्र. पीककर्ज हंगामाप्रमाणे देता येतं, तर गटाचं का नाही? कंपन्या म्हणतील, आठवड्याची शिस्त मोडली की वसुली मोडते. त्यात तथ्य आहे. हाती पैसा राहिला की खर्च होतो, हे आपल्यालाही घरच्या अनुभवाने ठाऊक आहे. तरीही शिस्त पाळण्यासाठी नवं कर्ज काढावं लागत असेल, तर त्या शिस्तीचा उपयोग कुणाला?

आता स्वयंपाकघराकडे. किराण्याच्या वहीत खरं ओझं तेलाचं. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून 20 टक्के केलं आणि मे 2025 च्या अखेरीस ते 10 टक्क्यांवर आणलं. दिल्लीतल्या त्या निर्णयांचा हिशेब वडशाच्या दुकानात पावशेर तेल मागणाऱ्या बाईला भरावा लागतो, आणि पावशेराने घेणाऱ्याला तो सर्वांत महाग पडतो. चुकारे आल्या आल्या दोन डबे तेल आणि वर्षाची तूरडाळ घेऊन टाकणं हा जुन्या घरांचा शिरस्ता होता. तो मागासलेपणा नव्हता. तसंच उभ्या धानात लाखोळी, जवस फेकणं आणि धुऱ्यावर तूर लावणं. बांधीतली जवसाची चटणी वहीत चढत नाही.

वहीत न चढणारी आणखी एक गोष्ट आहे, खर्रा. दिवसाला 20 रुपयांचा एक धरला तर महिन्याला 600, आणि एकावर थांबणारे किती, हे वाचकांनीच मोजावं. जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे आणि 2016 पासून मुक्तिपथ अभियान दारूबरोबर तंबाखूवरही काम करतं. तरी चौकातला खर्रा घोटण्याचा आवाज थांबलेला नाही. डाळ कमी करा असं घरच्या बाईला सांगण्याआधी हा हिशेब मांडला जावा, एवढं म्हणण्याचा हक्क संपादकीयाला असायला हरकत नाही.

इंधनाचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. उज्ज्वला 2016 मध्ये आली, शेगडी घरोघर पोचली. एप्रिल 2025 मध्ये टाकी 50 रुपयांनी महागली. उज्ज्वलाच्या टाकीला 300 रुपये अनुदान आहे, राज्याच्या अन्नपूर्णा योजनेत पात्र बाईला वर्षाला तीन टाक्या भरून मिळतात. पण टाकी घेताना आधी पूर्ण पैसे मोजावे लागतात आणि अनुदान मागाहून खात्यात येतं. ते खातं हप्त्याशी जोडलेलं असेल तर आलेलं तिथेच वळतं. मग हिशेबी बाई काय करते? चहा गॅसवर, भात चुलीवर. सरपण फुकट.

ते खरंच फुकट असतं का? ऑक्टोबर 2022 मध्ये वडशाच्या जंगलात सीटी-1 नावाचा वाघ जेरबंद झाला. तोवर गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा मिळून 13 माणसं त्याच्या तावडीत गेली होती. आपल्या भागात वाघाला सापडतात ती माणसं सहलीला निघालेली नसतात. ती सरपणाला, मोहफुलाला, गुरांमागे, नाहीतर शेतात निघालेली असतात. एवढं असूनही ‘जंगलात जाऊच नका’ असं मी लिहिणार नाही. मोह आणि तेंदू यांवर उन्हाळा निघतो, ती कमाई आहे. सरपणासाठी एकट्याने आत जाणं मात्र टाकीचे पैसे वाचवण्याचा सर्वांत महाग मार्ग आहे. घरात काही मोडायचंच असेल तर दुसरं काही मोडावं, टाकी नाही.

विजेचं तसं नाही. तिथे घासाघीस करता येते. शेजारच्या चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र 2920 मेगावॅटचं, धूर आपल्या बाजूचा, तरी दरात आपल्याला सूट नाही, ही कुरकुर जुनी आहे. ती बाजूला ठेवून बिलाची मागची बाजू वाचावी. 100 युनिटपर्यंत दर एक, 101 पासून पुढच्या युनिटांना बराच चढा. स्थिर आकार, वहन आकार आणि विद्युत शुल्क वेगळे. जुना 75 वॉटचा पंखा रोज 16 तास चालला तर महिन्याला 36 युनिट जाळतो, नवा 30 वॉटचा साडेचौदाच्या आत. मे महिन्यात दोन पंखे आणि कूलर असलेलं घर शंभरी ओलांडतं ती इथे. नवा पंखा दोन-तीन उन्हाळ्यांत स्वतःची किंमत काढतो. पण तो जानेवारीत, रोखीने घ्यावा. मे महिन्यात हप्त्याने घेतलेला पंखा वारा देतो, पैसे वाचवत नाही. छतावरच्या सौर संचाला सरकारचं अनुदान असलं तरी उरलेल्या रकमेसाठी नवं कर्ज काढायचं असेल तर तूर्त थांबावं. आणि हात अगदीच आवळलेला असेल तर विजेचं बिल आठवडाभर मागे सरकवणं हा त्यातल्या त्यात स्वस्त उशीर आहे: विलंब आकार सव्वा टक्का, आणि जोडणी तोडण्याआधी 15 दिवसांची नोटीस द्यावीच लागते. दोन महिने मागे सरकवलं की हे स्वस्तपण संपतं.

राहिला तो खर्च, ज्याला शहरातला सल्लागार पहिल्यांदा कात्री लावेल. मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि नाटक. झाडीपट्टी रंगभूमीच्या मंडळ्यांचं ठाणं वडसाच. भाऊबीजेपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात आणि ज्या गावात नाटक त्या गावात घराघरांत पाहुणे. लेकी येतात, जावई येतात, मटण शिजतं, वडे होतात. एका रात्रीत महिन्याचा किराणा उडतो. उधळपट्टी म्हणावी तर आहे. पण श्रावणात जो साळा बिनव्याजी दोन हजार हातउसने देतो, तो याच रात्री जेवून गेलेला असतो. पाहुणचार हीसुद्धा इथली एक सोसायटी आहे, फक्त तिचं पासबुक नाही. शिवाय मंडळीतल्या तबलजीचं आणि पडदे ओढणाऱ्याचं घरही त्याच चार महिन्यांवर वर्ष काढतं. त्यामुळे माझं मत असं की नाटकाची रात्र ठेवावी, ती वहीत आधी लिहून. पाच गावांच्या पाच मंडया आणि त्यासाठी उधारीवर नवे कपडे, हे सोडावं.

शेवटी पुन्हा धानाकडे. खरिपाच्या 2025-26 हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये होता. धान केंद्रावर मोजून दिला की शेतकऱ्याचं काम संपलं; पुढचं सरकारचं. चुकारे एप्रिलवर गेले तर शून्य व्याजाची तारीख हुकते, आणि त्या उशिराचं व्याज शेतकऱ्याच्या खात्यावर चढतं. ज्याचा धान मोजून झाला आणि पैसे आले नाहीत, त्याच्या पीककर्जाची मुदत तेवढ्या दिवसांनी आपोआप वाढली पाहिजे. तोवर वाचकांना विनंती एवढीच: धान मोजल्याची पावती जपून ठेवा आणि चुकारे आले नसतील तर 31 मार्चची वाट न पाहता, मार्चच्या पहिल्या आठवड्यातच ती घेऊन सोसायटीच्या सचिवांकडे जा. लेखी अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.