कन्नड शिकावी ती मराठीतून

पुण्याच्या पश्चिम टोकाला माझं मेडिकल आहे. आजूबाजूला उंच इमारती उभ्या राहताहेत आणि त्या बांधणारी माणसं बरीचशी कर्नाटकातल्या कलबुर्गी, यादगीर, विजयपुरा या जिल्ह्यांतली. संध्याकाळी काम सुटलं की त्यांच्यातल्या बायका तापलेलं मूल कडेवर घेऊन दुकानात येतात. साध्या पॅरासिटामॉलचंच बघा. तान्ह्या बाळाच्या थेंबांच्या बाटलीत 1 मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम औषध असतं, तर सिरपमध्ये 5 मिलिलिटरला कधी 125, कधी 250. एक बाटली संपून दुसऱ्या प्रकारची आली आणि आईनं जुन्याच मापानं पाजलं, तर औषध अगदी कमी तरी पडतं, नाहीतर बाळाला घातक ठरेल इतकं जास्त होतं. अँटिबायोटिकच्या पावडरीची बाटली आणखी अवघड. पाणी उकळून गार करायचं, खुणेपर्यंत घालायचं, दर वेळी बाटली हलवायची, ताप उतरला तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करायचे. हे हातवारे करून सांगता येत नाही. बाटलीवर इंग्रजी, चिठ्ठीवरही इंग्रजी. म्हणून पंचेचाळिशी उलटल्यावर मी कन्नड शिकायला घेतली.

‘आपण का शिकायचं? त्यांनी मराठी शिकावी,’ असं मला शेजारच्या दुकानदारांनी सांगितलं, नातेवाइकांनीही सांगितलं. इथे राहणाऱ्यानं मराठी शिकावी असं मलाही वाटतं. त्यांची मुलं महापालिकेच्या शाळेत जातात आणि बघता बघता मराठी बोलायला लागतात. पण आई दिवसभर विटा नाहीतर वाळू वाहते आणि इमारत पुरी झाली की बिऱ्हाड उचलून दुसऱ्या साइटवर जाते. ती मराठी शिकेपर्यंत बाळाचा ताप थांबणार नाही. शिवाय औषध कसं घ्यायचं हे समजावून देणं फार्मासिस्टचं काम आहे. ते मी तिच्यावर ढकलू शकत नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात कन्नड मातृभाषा सांगणारे सुमारे दहा लाख लोक होते आणि कर्नाटकात मराठी सांगणारे वीस लाखांच्या वर. इतक्या जवळच्या शेजाऱ्याची भाषा आपल्याला परकी वाटावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शिकायचं ठरवलं तेव्हा पहिला अडथळा भाषेचा नव्हता, साधनांचा होता. मोबाइलवर आणि पुस्तकांच्या दुकानात मला जे सापडलं ते जवळजवळ सगळं इंग्रजीतून कन्नड शिकवणारं. त्यात पहिल्याच धड्यात बजावलेलं असतं की क्रियापद शेवटी येतं, विभक्तीचे प्रत्यय नामाला मागून लागतात, ‘मला ताप आहे’ याची रचना विचित्र आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला ती विचित्र वाटणारच. मराठी माणसाला त्यात समजावण्यासारखं काय आहे? ‘ननगे ज्वर इदे’: मला ताप आहे. ‘ऊट आद मेले अर्ध गुळिगे’: जेवण झाल्यावर अर्धी गोळी. ‘कुदिसि आरिसिद नीरु’: उकळून गार केलेलं पाणी. ‘निन्ने कोट्ट औषध’: काल दिलेलं औषध. शब्द नवे आहेत, पण वाक्याची घडण अशी ओळखीची की मराठी वाक्यातला एकेक शब्द उचलून त्याच जागी कन्नड शब्द ठेवत जावा. हवं आणि नको यांच्यासाठी आपल्यासारखेच ‘बेकु’ आणि ‘बेड’ आहेत. वर्णमालेचा क्रम क, ख, ग, घ असाच, आणि ‘ळ’ तर घरचाच. ही शेकडो वर्षांच्या शेजाराची कमाई आहे. इंग्रजीच्या वाटेनं जाणारा मराठी माणूस ती दारातच टाकून देतो आणि मग ‘कन्नड फार अवघड’ म्हणून पुस्तक मिटतो. प्रौढ माणसाची स्मरणशक्ती कमी पडते हे मला पटत नाही. त्याला वाट चुकीची दाखवली जाते.

मराठी सगळीकडे हात देते असं मात्र नाही. आपण ‘मी गोळी घेतली’ म्हणतो तेव्हा क्रियापद गोळीमागे जातं. कन्नडमध्ये ते नेहमी घेणाऱ्यामागे जातं, आणि हा वळसा मराठी जिभेला मुद्दाम शिकवावा लागतो. ऱ्हस्व आणि दीर्घ ए, ऱ्हस्व आणि दीर्घ ओ वेगळे ऐकायचे तर कान तयार करावा लागतो. उलट ‘माझा-माझी-माझं’ची कटकट तिथे नाही. ‘नन्न’ एवढं पुरतं. मराठीतून लिहिलेल्या पुस्तकानं नेमकं हेच सांगायला हवं: इथपर्यंत तुझीच भाषा आहे, आणि इथून पुढे सावध.

माझी खरी शिक्षिका पुस्तकाबाहेर भेटली. यादगीरकडच्या तांड्यावरची बाई. तिच्या घरची भाषा लमाणी, कन्नड तिनं स्वतःच बाजारात आणि कामावर उचललेली. म्हणून तिला पक्कं ठाऊक की नवशिक्याला काय आधी लागतं. तिनं मला व्याकरण सांगितलं नाही. एकच प्रश्न ती माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायची, आणि तो ग्राहकाच्या तोंडचा: ‘ई औषध ह्यांग कुडिसोदु री?’ हे औषध पाजायचं कसं? पुस्तकात ‘हेगे’ असतं, कारण पुस्तकं बंगळुरू-म्हैसूरकडची कन्नड धरून चालतात. माझ्या काउंटरवर मात्र ‘ह्यांग’ ऐकू येतं. आपल्याला ज्यांच्याशी बोलायचं आहे त्यांचीच बोली आधी शिकावी, असं माझं ठाम मत आहे. प्रमाण भाषा मागाहून वाचनातून येते. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी धारवाड आकाशवाणी लावून ठेवते.

लिपीही मी मागे ठेवली. सुरुवातीची सगळी वाक्यं देवनागरीत लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवली. अशानं भाषा कच्ची राहते असं काही जाणकार म्हणतात. मला उमा कुलकर्णी आठवतात. कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पांच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या त्या ऐकून. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड मजकूर वाचून ध्वनिमुद्रित करायचे आणि त्या टेपवरून उमाताई अनुवाद करायच्या. एवढ्या मोठ्या कामाला कानाचा आधार पुरला, तर तापाच्या औषधाला का पुरू नये? आणि वयाचं म्हणाल तर 1942 च्या आंदोलनानंतरच्या तुरुंगवासात, वेल्लोरला, विनोबांनी दक्षिणेच्या चारही भाषांचा अभ्यास केला. तेव्हा ते पन्नाशीकडे झुकले होते.

म्हैसूरला 1969 पासून भारतीय भाषा संस्थान आहे. त्याची प्रादेशिक केंद्रं शिक्षकांना दुसरी भारतीय भाषा शिकवतात. काम मोलाचं आहे, पण तो अभ्यासक्रम दहा महिन्यांचा आहे. दुकान, दवाखाना किंवा अंगणवाडी सोडून दहा महिने कोण जाणार? नर्स, आशाताई, बस कंडक्टर, साइटवरचा इंजिनियर यांना आपापल्या कामापुरती शेजारची भाषा घरबसल्या शिकता आली पाहिजे. मराठी प्रकाशकांनी आणि राज्याच्या भाषा विभागानं हे काम हाती घ्यावं. कन्नड, तेलुगू आणि गुजराती, तिन्ही मराठीतून शिकवणारी छोटी पुस्तकं, सोबत त्या त्या जिल्ह्यातल्या माणसांच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण, आणि प्रत्येक पुस्तक एकाच व्यवसायासाठी.

औषध दुकानांच्या पुस्तकाची पहिली पानं मी लिहून द्यायला तयार आहे. माझ्या काउंटरवरची वाक्यं वापरून वापरून घासलेली आहेत: मूल केवढं, वजन किती, ताप कधीपासून, आधी कोणतं औषध दिलं, थेंब की सिरप, किती माप, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, आणि अंगावर पुरळ आलं तर औषध थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा.