दळण आपले, पीठ कोणाचे?

दुकानाच्या फळीवर ठेवलेली छोटीशी पेटी दिवसभर मोठ्याने सांगत असते, 'दोनशे चाळीस रुपये प्राप्त झाले!' गल्ल्यावरचा दुकानदार मान डोलावतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. आपला धंदा 'डिजिटल' झाला, याचे समाधान त्याच्या चेहऱ्यावर असते. पण धंदा डिजिटल झाला म्हणजे नेमके काय झाले? कोणते गिऱ्हाईक महिन्याच्या कोणत्या तारखेला येते, कोणाची उधारी थकते, कोणत्या सणाला गुळाची मागणी वाढते, हे सारे पूर्वी दुकानदाराच्या कीर्द-खतावणीत असे. आज पैशाच्या येण्याजाण्याची बित्तंबातमी दुसऱ्याच कोणाच्या संगणकात साठते आहे आणि दिवाळीत पूजा होणारी वही मात्र कोरी राहू लागली आहे.

२०१६ साली सुरू झालेली 'यूपीआय' ही भारतीय बुद्धीची निर्मिती आहे आणि तिचा अभिमान बाळगलाच पाहिजे. ऑगस्ट २०२५ या एकाच महिन्यात तिच्यावरून २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. परंतु यातील ८० टक्क्यांच्या आसपास व्यवहार दोन अ‍ॅपवरून होत आले आहेत. त्यातील फोनपेवर अमेरिकेच्या वॉलमार्टचे नियंत्रण आणि दुसरे तर थेट गूगलचेच! एका अ‍ॅपचा वाटा ३० टक्क्यांहून अधिक असू नये, असा दंडक नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०२० साली घातला. त्याच्या अंमलबजावणीची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत गेली. रस्ता आपण बांधायचा आणि त्यावरून कोण कोठे जातो याची नोंदवही परक्याने ठेवायची, असा हा प्रकार आहे.

देयकांची माहिती भारतातच साठवली पाहिजे, असा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये दिला, तो योग्यच होता. पण धान्य गावच्या कोठारात आहे, एवढ्यानेच ते गावकऱ्याच्या ताटात पडत नाही. माहिती कोठे ठेवली आहे याइतकाच ती कोण वाचतो, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे.

ही भीती काल्पनिक नाही. आपल्या बाजारपेठेवर माल विकणाऱ्या स्वतंत्र विक्रेत्यांची गोपनीय माहिती वापरून अ‍ॅमेझॉन त्यांच्याशीच स्पर्धा करते, असा आक्षेप युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०२० मध्ये घेतला. कंपनीने तो मान्य केला नाही. तरीही ती माहिती स्वतःच्या किरकोळ विक्रीसाठी वापरणार नाही, असे बंधनकारक वचन तिला डिसेंबर २०२२ मध्ये द्यावे लागले. कच्चा माल येथून न्यायचा आणि पक्का माल येथेच आणून विकायचा, हा मँचेस्टरच्या गिरण्यांचा खेळ भारताला नवा नाही. आज कापसाच्या गासड्यांची जागा आकड्यांनी घेतली आहे, इतकेच.

मात्र सारा दोष परक्यांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. आपले उद्योजक काय करतात? लाखो रुपयांची संगणकप्रणाली विकत घेतात, उद्घाटनाला नारळ फोडतात आणि पुढचे सारे 'कॉम्प्युटरवाल्या मुलावर' सोपवून निर्धास्त होतात. आकड्यांना प्रश्न कोणी विचारायचे? कोणता माल पडून राहतो, कोणते जुने गिऱ्हाईक येईनासे झाले, हे प्रश्न मालकाला पडत नसतील, तर यंत्र त्याला उत्तर तरी कशाचे देणार? परिवर्तनाचे नेतृत्व कंत्राटाने देता येत नाही.

ते कसे करावे, याचा वस्तुपाठ आपल्याच देशात आहे. १९४६ साली खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली दूध संघ उभारला. पुढे वर्गीस कुरियन यांनी त्याला व्यावसायिक शिस्त दिली. त्यातूनच 'अमूल' घडली. गावच्या संस्थेत दूध मोजले जाते, त्यातील स्निग्धांश तपासला जातो आणि त्यानुसार पैसे मिळतात. पुढे तेथे संगणक आले, पण मोजमापाची शिस्त आधीपासूनच होती. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्याची म्हैस, त्याच्याच संस्थेची नोंद!

'मग परकीय तंत्रज्ञान फेकून द्यायचे काय?' असा उपरोधिक प्रश्न लगेच विचारला जाईल. मुळीच नाही. यंत्र कोणाचेही असो, हिशेब आपला असावा. करारावर सही करण्यापूर्वी आपल्या व्यवहाराची माहिती कोण पाहणार, कशासाठी वापरणार आणि सेवा सोडल्यास ती परत मिळणार की नाही, एवढे तरी व्यापाऱ्याने विचारावे. रोज अर्धा तास स्वतःचे आकडे स्वतः वाचावेत. व्यापारी संघांनी आणि सहकारी संस्थांनी सभासदांची माहिती एकत्र आणून, त्यांच्या संमतीने, त्यांच्याच लाभासाठी वापरावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला; पण तो प्रामुख्याने व्यक्तीचे रक्षण करतो. व्यापाराचे शहाणपण राखण्याचे काम व्यापाऱ्यालाच करावे लागेल.

आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशी म्हण आहे. त्यात कुत्र्याला दोष देऊन काय उपयोग? डोळे उघडायचे काम दळणाऱ्याचे आहे.