घरी न्या, पण कुणाच्या जिवावर?

पाथर्डी तालुक्यातल्या बैठकीत ऊसतोडीला जाणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलेला प्रश्न माझ्या मनातून जात नाही. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना कागदावर लिहिलं, 'विश्रांती व काळजी'. काळजी कुणी घ्यायची, हे लिहायची गरज वाटली नाही. मुकादमाची उचल घेतलेली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती थांबली की कोयता मोडला, उचल मात्र अंगावर. 'मी जाऊ का राहू?'

'सेवा हा बाईचा धर्म' म्हणणाऱ्यांकडे याला उत्तर नाही. 2024च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकामात बाईची रोजची 289 मिनिटं जातात, पुरुषाची 88. गंमत पाहा, 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने चरितार्थाची जबाबदारी मुलगा, मुलगी, नातवंडांवर टाकली. सुनेचं नाव त्यात नाही. कूस बदलणं, भांडं देणं, पाठीला जखमा होऊ न देणं मात्र तिच्याचकडे, आणि तेही कुणी न शिकवता.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी आशाताई सहा वेळा घरी येते. म्हातारीसाठी का नाही? 2010पासूनच्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी भेटींची तरतूद आहे. याच जिल्ह्यात जामखेडला आरोळे दांपत्याने 1970च्या दशकात गावच्या निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं, तेव्हा जमत नाही हे सांगू नये. (आशांवर आणखी एक फुकटचं काम मात्र नको.)

मैत्रिणींनो, येत्या ग्रामसभेत प्राथमिक आरोग्य केंद्राला विचारू या: गेल्या वर्षी अशा किती घरी गेलात? आणि कूस बदलायला शिकवायचं ते मुलालाही, दवाखान्यातच, घरी सोडण्याआधी.