खिदमत म्हणजे फोटो नव्हे, पाठपुरावा

निकाल लागले की सेतू केंद्रांपुढे रांगा लागतात. आम्ही शिक्षक दरवर्षी पाहतो, गुण असूनही काही मुलींचं गाडं अडतं. कारण हुशारी कमी पडली हे नसतं, कागद कमी पडतो.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घटकांतील, वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत दिली. त्यात मुस्लिम असा शब्द नाही, पण आपल्या मुली त्यात आहेत. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी ओबीसीत येतात. जे आरक्षणात नाहीत, त्यांना निकषांत बसल्यास ईडब्ल्यूएसचा दाखला मिळू शकतो. किती घरांना हे माहीत आहे?

माहीत असलं तरी पुढे घोडं अडतं. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं. काही जुनी रजिस्टरं उर्दूत, ती वाचणारं कुणी नाही. शिवाय नावांचा घोळ. आधारवर 'मोहम्मद', दाखल्यावर 'महंमद', बँकेत नुसतं 'मो.' मग शिष्यवृत्तीचा अर्ज लटकतो.

इथेच कॉलेजच्या मुलामुलींचं काम सुरू होतं. उर्दू, मराठी आणि इंग्रजी तिन्ही जाणणारी पहिली पिढी अनेक घरांत हीच आहे. मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली, पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्तीही थांबली. त्याविरुद्ध आवाज उठवलाच पाहिजे. पण जे आज हक्काचं आहे, ते पदरात पाडून घेणं हीसुद्धा लढाईच आहे. तिला घोषणा कमी आणि चिकाटी जास्त लागते.

पाठपुरावा म्हणजे काय? अर्जाची पोहोच घेणं. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिली आहे, ती उलटली की अपील करणं. फाइल कुठे अडली हे विचारायला १० रुपयांत माहितीचा अधिकार वापरणं. आणि हमदर्दी म्हणजे काय? अंगठा लावणाऱ्या अम्मीला 'इतकंही येत नाही का' असं न म्हणता शेजारी बसून समजावणं. तिचं आधार कार्ड व्हॉट्सॲप ग्रुपवर न टाकणं हीसुद्धा हमदर्दीच.

नव्या शैक्षणिक धोरणात समाजसंपर्काच्या कामाला श्रेयांक आहेत. राष्ट्रीय सेवा योजना तर १९६९ पासून चालू आहे. पण झाड लावलं, फोटो काढला, अहवाल दिला, की संपलं असं होऊ नये. प्राध्यापकांनी ठरवलं तर एका वाडीचे, एका मोहल्ल्याचे कागद वर्षभरात मार्गी लागतील.

हे काम आपल्या मोहल्ल्यापुरतंही ठेवू नये. मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा निजामकाळातील उर्दू आणि मोडी कागद वाचणाऱ्यांची गरज सगळ्यांना कळली. २ सप्टेंबर २०२५ च्या हैदराबाद गॅझेटच्या शासन निर्णयानंतर ती वाढलीच आहे. शेजारच्या मराठा कुटुंबाची उर्दू नोंद आपल्या मुलीने वाचून दिली, तर एकोप्यावरच्या दहा भाषणांचं काम एका दुपारी होईल.

एक मात्र स्पष्ट आहे. विद्यार्थी सरकारी यंत्रणेला पर्याय नाहीत. दाखला देणं तहसीलचं काम, रजिस्टर जपणं शाळेचं. विद्यार्थ्याने त्यांचं काम आपल्या डोक्यावर घ्यायचं नाही, त्यांच्याकडून ते करून घ्यायचं. दर वेळी कोणता कागद कुठे अडला याची वही ठेवली, तर उद्या तीच वही निवेदनाला जोडता येईल.

सुरुवात निकालानंतर नको, आत्ताच हवी. नववी-दहावीच्या मुलींची नावं सगळ्या कागदांवर एकसारखी आहेत का, एवढं जरी या सुट्टीत तपासलं, तरी पुढच्या जूनमधली रांग थोडी छोटी होईल.