सही एका कागदावर, राज्य दुसऱ्या कागदाने

आयर्लंडचा विल्यम हॉब्सन १८०३ मध्ये, अवघ्या दहा वर्षांचा असताना ब्रिटिश आरमारात शिरला. पुढे कॅप्टन झाला आणि १८४० मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून न्यूझीलंडला उतरला. माओरींचा देश त्याने तोफेने नव्हे, कागदाने घेतला.

६ फेब्रुवारी १८४० रोजी वाइटांगी येथे करार झाला. इंग्रजी मसुद्यात माओरी सरदार सार्वभौमत्व राणीला देतात असे होते. मिशनरी हेन्री विल्यम्स व त्याच्या मुलाने रातोरात केलेल्या माओरी भाषांतरात त्या जागी 'कावानातांगा', म्हणजे गव्हर्नरचा कारभार, एवढेच आले. जमिनी व गावांवरची सरदारकी तर माओरींकडेच राहणार होती! बहुतेक सह्या माओरी कागदावर झाल्या. राज्य मात्र इंग्रजी कागदाने चालले.

हॉब्सन १८४२ मध्ये मेला. १८६३ च्या कायद्याने 'बंडखोर' ठरवून माओरींच्या जमिनी जप्त झाल्या. १८७७ मध्ये तर न्यायालयाने करारच निरर्थक ठरवला. पण माओरींनी तो सोडला नाही. लढा देऊन जवळपास शंभर वर्षांनी, १९७५ मध्ये वाइटांगी न्यायाधिकरण मिळवले. कराराचा अर्थ बदलू पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध २०२४ मध्ये हजारो माओरी संसदेवर धडकले. एप्रिल २०२५ मध्ये ते विधेयक पडले.

बाबासाहेबांचे अनुयायी म्हणून आम्ही यातून एवढेच घेतो : हक्काचा कागद स्वतः वाचावा, आपल्या भाषेत वाचावा. अर्थ सांगण्याचे काम सत्ताधाऱ्यांवर सोपवणारा समाज सही करूनही सर्वस्व गमावतो.