आट्यातून गळणारं पाणी

मागच्या उन्हाळ्यात धुळ्याला धाकट्या बहिणीकडे गेले होते. तिच्या भागात तेव्हा आठव्या दिवशी पाणी यायचं. घरातली पिंपं, कळशा, पातेली सगळी भरलेली, आणि मोरीतला टाकीचा नळ मात्र भिंतीशी टपटप गळत होता.

‘‘हा कधीपासून गं?’’

‘‘महिना झाला असेल ताई. एवढ्याशा कामाला प्लंबर येत नाही, आणि यांना वेळ नाही.’’

रात्री खाली बादली ठेवली. सकाळी ती निम्मी भरली होती! सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला साधारण 20 लिटर पाणी जातं. आठ दिवसांचं मोठं पिंपच झालं की.

पाणी भरायचं, गाळायचं, पुरवून वापरायचं ते आपण. पाना मात्र घरातल्या पुरुषाचा. हे कुणी ठरवलं? आमच्या जळगावात बनलेले पाइप देशभर जातात, आणि त्याच गावात राहून मी पन्नाशीपर्यंत टेफ्लॉन टेप हातात धरली नव्हती. शिकले ती आमच्याकडे आलेल्या प्लंबरदादांच्या शेजारी उभी राहून. त्यांनीही हसत हसत सगळं सांगितलं.

आधी बघा, पाणी कुठून येतंय. नळाच्या तोंडातून येत असेल तर आतला वॉशर गेला. भिंतीशी, जोडावरून येत असेल तर आटे. वरचा कॉक बंद करून नळ उघडा ठेवा, उरलेलं पाणी निघून जाऊ दे. मग नळ उलटा फिरवून काढा. आट्यांतली जुनी टेप आणि बोअरच्या पाण्याचा पांढरा खर जुन्या टूथब्रशने घासून काढा, कोरडं पुसा. टेप गुंडाळायची ती नळाचे आटे आपल्याकडे धरून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. इथेच बहुतेकींचं चुकतं, माझंही चुकलं होतं. उलटी गुंडाळली की नळ बसवताना ती सुटून गोळा होते. टेप पातळ असते, म्हणून ताणून दहा-बारा वेढे द्या. आधी हाताने आवळा, मग पान्याने एखादा फेरा. नळ वाकडा राहिला म्हणून मागे फिरवू नका. काढून नवी टेप लावा.

प्लास्टिकच्या जोडाला जोर लावलात तर तो तडकतो, आणि तडकलेल्या जोडाला टेप काही करत नाही. गीझरच्या जोडनळीला तर टेप लागतच नाही, तिथे रबरी वॉशर बदलायचा. भिंतीच्या आतून ओल येत असेल तर मात्र प्लंबरलाच बोलवा, उगाच धाडस नको.

मुंबईजवळ मीरा रोडला लेखक आणि व्यंगचित्रकार आबिद सुरती यांनी 2007 मध्ये असंच काम सुरू केलं. दर रविवारी प्लंबरला घेऊन ते घरोघरी जायचे आणि गळणारे नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. आपल्याकडे कुणी दारात येईल याची वाट कशाला बघायची? टेपचं रीळ किराणाच्या चिल्लरीत येतं.

बहिणीने नळ स्वतः बसवला. पहिल्यांदा थोडा पाझरला, तिने पुन्हा काढून वेढे वाढवले. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, ‘‘आता संडासातला पण बघ वं माय.’’ त्याचा जोड प्लास्टिकचा आहे, म्हणून तो ती अजून भीत भीत पुढे ढकलतेय.